लाल झेंड्याचा समुद्र आणि दुसरा

श्रीलंकेहून येऊन आता वर्ष होत आलं, तरी आमच्या घरात त्या सहलीची गोष्ट निघाली की माझं डोकं फिरतं. गोष्ट नेहमी माझे मोठे दीर सांगतात. ते सांगतात तेव्हा समोरचे हसतात, चुकचुकतात, परदेशातले लोक कसे चोर असतात यावर माना डोलावतात. मी तिथं होते. माझ्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. म्हणून एकदा मला ते माझ्या तोंडानं सांगायचं आहे.

आमचं तीर्थपुरीला बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मोठ्या दिरांचं तसलंच, पण बरंच मोठं, जुन्या जालन्यात. बियाणं विकणाऱ्या कंपन्या दरवर्षी दुकानदारांना कुठंतरी फिरायला नेतात. ज्याची विक्री जास्त, त्याला विमानाचं तिकीट. इतकी वर्षं फक्त पुरुष जायचे. परत आले की आठ दिवस दुकानात त्यांच्या फोनवर समुद्राचे फोटो फिरायचे. ते गेलेले असताना गल्ल्यावर मी बसायचे, कोणत्या शेतकऱ्याला कोणतं वाण मानवलं ते मी लक्षात ठेवायचे, पण विक्री यांची आणि सहलही यांचीच. मागच्या वर्षी कंपनीनं जोडीनं यायचं ठरवलं. खरिपाची गर्दी सरली आणि रब्बीला वेळ होता, अशा ऑगस्टमधल्या दिवसांत आम्ही निघालो.

माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणते, लग्नानंतर साडीखेरीज काही नेसलेली नाही. पासपोर्ट हातात आल्यावर एक दिवस तिनं मला जालन्याला बोलावून घेतलं आणि कापडाच्या दुकानात नेलं. दुकानदाराला सांगितलं, भाचीसाठी पंजाबी ड्रेस दाखवा. भाचीचं माप विचारल्यावर माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, अशीच आहे, आमच्यासारखी. तिनं गर्द हिरवा घेतला, मी जांभळा. ओलं झाल्यावर अंगाला चिकटणार नाही असं जाड कापड तिनं हातानं चोळून चोळून निवडलं. घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. तिला समुद्रात उभं राहायचं होतं, गळ्यापर्यंत नाही, कमरेपर्यंत. हे तिनं मला रिक्षात बसल्यावर सांगितलं, तेही हळू आवाजात.

पहिला मुक्काम पश्चिमेच्या किनाऱ्यावर होता, कोलंबोपासून खाली. हॉटेलच्या मागं माडांची रांग आणि तिच्यापुढं एकदम समुद्र. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होते आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. पाणी गढूळ, पहिल्या पुराच्या नदीसारखं. लाटा लांबून येत नव्हत्या, किनाऱ्याजवळच उभ्या राहायच्या आणि धप्पकन आपटायच्या. वाळू जाडीभरडी, पिवळट, आणि पाण्याकडं एकदम उतरती. पाय टेकला की पायाखालची वाळू निघून जायची. मध्ये एका काठीला लाल झेंडा लावलेला होता.

आमच्याबरोबर तिथलाच एक गाईड होता, त्याला हिंदी चांगली यायची. त्यानं बसमध्येच सगळ्यांना बजावलं होतं. या महिन्यांत वारा या बाजूनं येतो, म्हणून हा समुद्र खवळलेला असतो. बेटाच्या पलीकडच्या, पूर्वेच्या बाजूला या दिवसांत समुद्र शांत असतो. दोन दिवसांनी आपण तिकडं जाणारच आहोत, तिथं मनसोक्त डुंबा. इथं लाल झेंडा असेपर्यंत पाण्यात जायचं नाही. मी त्याला विचारलं की मग लोक इथं येतातच कशाला. तो म्हणाला, थंडीत या, मग हा समुद्र गरीब होतो आणि पूर्वेचा पिसाळतो. मला ते पटलं. आम्ही बायका वाळूवर बसून राहिलो. अक्कानं पिशवीतला ड्रेस बाहेर काढलाच नाही.

पुरुषांनी मात्र विमानतळावर घेतलेल्या बाटल्या दुपारीच उघडल्या होत्या. ऊन उतरल्यावर पाच-सहा जण पाण्याकडं निघाले. तिथं राखण करणारा एक माणूस होता, चाळिशीचा, सडपातळ, पिवळा बनियन आणि लाल चड्डी घातलेला. त्यानं शिट्टी वाजवली, हातानं झेंडा दाखवला. हे लोक मागं फिरले. तो दुसऱ्या टोकाला गेला की पुन्हा पुढं. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी मोठे दीर म्हणाले, "आपण गोदावरीत पोहलेली माणसं, हा शिट्टीवाला आपल्याला काय शिकवून राह्यला?" आणि शर्ट काढून सरळ आत गेले. गळ्यात त्यांचा जाडजूड सोन्याचा गोफ होता. तो ते कधीच काढत नाहीत. लोकांना दिसावा म्हणून शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवतात.

एक लाट त्यांनी छातीवर घेतली आणि वळून हात वर केला. कुणीतरी फोटो काढला. दुसरी लाट आली आणि ते दिसेनासे झाले. आम्हाला वाटलं बुडी मारली. मग डोकं दिसलं ते बरंच आत, आणि प्रत्येक वेळी आणखी आत. अक्का उभी राहिली. माझे यजमान पाण्यात धावले, गुडघाभर गेले आणि तिथंच थांबले. बाकीचे ओरडत होते, पण जागचे हलत नव्हते.

तो राखणदार माझ्या अंगावरून गेला इतका जवळून पळाला. कमरेला दोरी आणि दोरीला एक लाल तरंगता ठोकळा, एवढंच त्याच्याजवळ होतं. लाटेच्या खालून तो आत गेला. मी पाण्याच्या अगदी कडेला उभी होते, म्हणून मला दिसलं. तो जवळ पोचताच दिरांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही खाली गेले. वर आले तेव्हा तो त्यांचे हात सोडवत होता आणि हे त्याला ओरबाडत होते. त्या झटापटीत गोफ तुटला. सूर्य समोर होता, पिवळं काहीतरी त्यांच्या खांद्यावरून लोंबकळलं, चमकलं आणि पुढच्या लाटेत गेलं. मग त्या माणसानं त्यांना पाठीवर उलटं केलं, हनुवटीखाली हात घातला आणि सरळ न येता तिरका पोहत बऱ्याच खाली जाऊन त्यांना काठावर आणलं. आम्ही सगळे तिकडं धावलो.

दिरांनी पाणी ओकलं. डोळे उघडले. अक्कानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तो माणूस शेजारी वाळूवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, त्याला धाप लागली होती आणि मानेवर ओरखड्यांतून रक्त येत होतं. कुणीही त्याला पाणी विचारलं नाही. मी माझ्याजवळची बाटली पुढं केली, तेवढ्यात दिरांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"माझा गोफ," ते म्हणाले.

जीव वाचल्यावर त्यांच्या तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. लगेच अंबडकडचा एक दुकानदार म्हणाला की यानंच काढला असेल, गळ्याशीच तर हात होते याचे. बास, पुढं कुणाला विचार करायची गरज राहिली नाही. जे गुडघाभर पाण्यात जायला तयार नव्हते, ते सगळे त्या एका माणसाभोवती उभे राहिले. गाईडला बोलावलं, याला खिसे उलटे करायला सांग म्हणाले. गाईड आधी तयार होईना. मग ते त्याच्यावरच चढले, तेव्हा त्यानं खाली बघत त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं.

मी पुढं झाले. मी म्हणाले की गोफ पाण्यात पडला, मी इथं उभी होते, मला दिसलं, भाऊजींनीच ओढाताण केली त्यात तुटला. हे मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझे यजमान वळले. "तू गप बस. तुला काय कळतंय यातलं?"

त्या माणसाला काय मागताहेत हे समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. चड्डीचे दोन्ही खिसे त्यानं बाहेर काढले. ओली वाळू पडली, बाकी काही नाही. खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून तो त्यांच्यासमोर उभा राहिला. अंबडच्या माणसानं तरी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला हात लावून चाचपलं. माझ्या अंगात तेव्हा जे उसळलं ते आज लिहितानाही तसंच उसळतं. आमच्या दुकानात कुणी एखादा मजूर पाहून त्याची पिशवी तपासायला लावली की मला असंच व्हायचं, पण त्यानं निदान कुणाचा जीव वाचवलेला नसायचा.

तो जाताना गाईडला दोन शब्द बोलला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी गाईडला विचारलं, काय म्हणाला तो. गाईड म्हणाला, दीदी, ते विचारू नका. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं की शिवी दिली, आणि ती हिंदीत सांगता येण्यासारखी नाही. मला फार बरं वाटलं. निदान कुणीतरी त्या लोकांना जे म्हणायला हवं होतं ते म्हणालं होतं.

पूर्वेला जायला बसनं सगळा दिवस लागला. आधी डोंगर, पाऊस, चहाचे मळे, रस्त्यावर धुकं. डोंगर उतरलो आणि पाऊस थांबला. मग हवाच बदलली. झाडं खुरटी, गवत वाळलेलं, बाभळीसारखी काटेरी झुडपं, त्यांच्यात शेळ्या, ताडाची झाडं, आणि रस्त्याच्या कडेला बरगड्या दिसणारी गुरं. अंबडहून घनसावंगीला निघाल्यासारखं वाटू लागलं. ढग पश्चिमेकडून येतात, डोंगरावर रिकामे होतात आणि पलीकडच्यांच्या वाट्याला वारा येतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. कोकणात पडून उरलेल्या पावसावर आम्ही शेती करतो. अक्का खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, इथलेही आपल्यासारखेच. मी म्हटलं, यांच्या कोरड्या बाजूला समुद्र तरी आहे.

मागच्या बाकांवर पुरुषांची चर्चा चालू होती. दीर आता नीट झाले होते. त्यांच्या बोलण्यात तो माणूस हळूहळू लांब सरकत होता. सकाळी त्यानं बाहेर काढलं होतं, दुपारपर्यंत त्यानं हात दिला होता, आणि संध्याकाळी उतरेपर्यंत दीर स्वतःच पोहत बाहेर येत होते आणि तो वाटेत येऊन गळ्याला झोंबला होता. माझे यजमान हूं हूं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिकडच्या समुद्रावर गेलो. एकाच बेटाचा हा किनारा आहे असं वाटत नव्हतं. भरलेल्या शेततळ्यासारखं पाणी, नुसतं थोडं हलणारं. तळ दिसत होता. वाळू शाळूच्या पिठासारखी बारीक आणि पांढरी, पाऊल टाकलं की तिथंच राहणारी. तिथल्या बायका साडीनिशी, लेकरांना कडेवर घेऊन पार आतपर्यंत चालत गेल्या होत्या आणि पाणी त्यांच्या मांडीच्या वर गेलं नव्हतं. झेंडा नव्हता. गाईड म्हणाला, जा, कितीही आत जा, बिलकुल भीती नाही.

आम्ही बायका कपडे बदलायला खोल्यांकडं वळणार, तेवढ्यात मोठे दीर खुर्चीतून म्हणाले, "बायकांनी कुणी पाण्यात उतरायचं न्हाई. समुद्राचा भरवसा न्हाई. परवा बघितलं न्हाई का?"

बाकीच्या पुरुषांनी लगेच मान हलवली. दोघं-तिघं तर त्या वेळी चेंडू घेऊन पाण्यातच उभे होते, तेही तिथून हो म्हणाले. आमच्यातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या आणि एक जण वाळूवर बसलीही.

मी म्हणाले, "परवा आम्ही न्हाई उतरलो, भाऊजी. तुम्ही उतरले होते."

इतकी वर्षं मी दिरांसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता. यजमान उठून माझ्याकडं यायला लागले, तोवर मी अक्काचा हात धरून चालू लागले होते.

खोलीत मी कपडे बदलले. अक्कानं पिशवीतून हिरवा ड्रेस काढला, पलंगावर पसरला, त्याची लेबलची दोरी अजून तशीच होती. ती दातांनी तोडली. मला वाटलं आता घालेल. तिनं हातानं त्याच्यावरच्या घड्या सारख्या केल्या आणि पुन्हा दुमडून ठेवला.

मी म्हटलं, चला ना अक्का, एवढ्यासाठी तर आलो. ती म्हणाली, "तू जा. मी काठावरून बघते तुला."

मी गेले. पाणी कोमट होतं. बरंच चालत गेले तरी कमरेच्या वर येईना. पायांमधून बोटाएवढे मासे फिरत होते. मागून जाफराबादकडची एक दुकानदारीण आली, तिच्यामागं आणखी एक, दोघी साडीतच. त्या हसत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. मी वळून पाहिलं तर अक्का नवऱ्याच्या खुर्चीजवळ वाळूत बसलेली, मांडीत त्यांचा फोन आणि चष्मा सांभाळत. मला त्या पाण्याचा काही आनंद घेता आला नाही हे खरं आहे. मी दात आवळून उभी होते. एक समुद्र धोक्याचा होता तेव्हा हे लोक दारू पिऊन त्यात शिरले. दुसरा गरीब गाईसारखा समोर उभा होता तर तो आमच्यासाठी बंद. आणि दोन्हीकडं हुकूम त्यांचाच. माझा राग त्या एवढ्या पाण्यातही निवला नाही.

त्या रात्री यजमान बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

परत आल्यावर महिन्याभरानं दिरांच्या नातवाचं जावळ होतं. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरी सगळे पाहुणे जमले. जेवणं झाली आणि कुणीतरी विचारलं की दादा, गोफ दिसत नाही. झालं. दिरांनी पाय पसरले आणि सुरू केलं. समुद्र कसा भयंकर, लाटा कशा माळवदाएवढ्या, आपण कसे हिमतीनं बाहेर येत होतो आणि मदतीचं नाटक करून त्या काळ्या माणसानं गळ्यातला गोफ कसा सफाईनं ओढला. पोलिसात दिलं असतं, पण म्हटलं जाऊ द्या, गरीब माणूस. शेवटी हे सुद्धा, गरीब माणूस. पाहुणे म्हणाले, दादांचं मन मोठं.

मी पंगतीची ताटं उचलत होते. ताटं खाली ठेवली आणि सांगितलं की असं झालेलं नाही. गोफ पाण्यात पडला, हे बुडत होते, त्या माणसानं ओढून काढलं नसतं तर आज हे जावळ झालं नसतं. मी चिडून नाही, सावकाश सांगितलं. दीर हसले आणि म्हणाले की हिला लांबून काय दिसणार. मग म्हणाले, माझी बायको तर जवळच होती, विचारा तिला.

सगळ्यांनी अक्काकडं पाहिलं. ती दारात सुपारीचं ताट घेऊन उभी होती.

"मी त्या वक्ताला तिकडं बघत नव्हते," ती म्हणाली.

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. काय विचारणार होते ते मलाच माहीत नव्हतं. ती भांड्यांत हात घालून उभी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू संध्याकाळी तीर्थपुरीला निघून जाशील. मला इथंच राह्यचंय, बाई." मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर भांडी विसळायला लागले. तिच्यावर रागावता आलं असतं तर सोपं झालं असतं. 

घरी येताना मोटारसायकलवर यजमान म्हणाले की चार माणसांत तू दादाला खाली बघायला लावलंस. मी म्हटलं, आणि त्या माणसाला खिसे उलटे करायला लावले त्याचं काय?

"तो आपला कोण लागतो?"

"तुमच्या भावाला पाण्यातून ज्यानं काढलं, तो."

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

यंदा कंपनीची सहल पुन्हा आहे. पण फक्त पुरुषांची. बायका आल्या की कटकटी होतात, असं दुकानदारांनीच कंपनीला सांगितलं. सांगणाऱ्यांत मोठे दीर पहिले असणार. यजमान जाणार आहेत. मी गल्ल्यावर बसेन.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, तीही सांगते. दिवाळीत दीर इकडं आले होते. दुकानासमोर खुर्च्या टाकून चार शेतकरी बसले होते आणि दिरांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. आता तर तो माणूस चाकू घेऊन आला होता. यजमान माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडं पाहत राहिले. गोफ ओढण्याची जागा आली तेव्हा ते उठून आत गोदामात गेले आणि गोष्ट संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. आमच्या नात्यातल्या एका बाईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की नवरा सुधारला तुझा, आता सोडून दे. मी सोडलेलं नाही. ते उठून गेले, पण बोलले नाहीत. दिरांच्या समोर बसून ती चार माणसं चोरट्या काळ्या माणसाची गोष्ट ऐकून आपापल्या गावी गेली, आणि तिथं ती तशीच सांगणार. म्हणून त्यांतला जो शेतकरी पुढं हरभऱ्याचं बियाणं न्यायला आला, त्याला मी पिशवी बांधता बांधता पहिल्यापासून खरं काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, असं होय, आणि बियाणं घेऊन गेला. बाकीचे तिघं अजून आलेले नाहीत.